डमीची छाती वर येत नाही: अंबू बॅग दाबताना वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

अंबू बॅग म्हणजे श्वास न घेणाऱ्या रुग्णाला मास्कमधून हवा देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी. ती दाबण्याचा सराव माणसासारख्या पुतळ्यावर, म्हणजे डमीवर, होतो. नर्सिंगच्या स्किल लॅबमध्ये सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारी तक्रार एकच आहे. “मॅडम, छाती वर येऊनच नाही राहिली.” यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते आणि कॉलेजची लॅबही सांभाळते. प्रौढ व्यक्तीची साधी सीपीआर डमी (छातीवर दाब आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या सरावाची), नवजात बाळाची डमी आणि संगणकावर चालणारा मोठा सिम्युलेटर या तिन्हींमध्ये हीच अडचण मी पुन्हा पुन्हा हाताळली आहे. कंपनीचा माणूस नागपूरहून यायचा म्हणजे आमच्याकडे आठवडा सहज जातो आणि तोवर वर्ग थांबवता येत नाहीत. त्यामुळे आधी काय पाहायचे आणि नंतर काय, याचा क्रम मला हळूहळू सापडत गेला. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा अडचण तिथेच सुटते.

लक्षणे

विद्यार्थिनीचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मग बॅग स्वतःच्या हातात घेऊन दोनदा दाबावी. छाती वर येत नाही, हे झाले डोळ्यांना दिसणारे लक्षण. खरी माहिती हाताला मिळते. बॅग कडक लागत असेल, दाबताना हात अडत असेल आणि छाती हलत नसेल, तर हवेची वाट कुठेतरी बंद आहे. बॅग पोकळ लागत असेल, म्हणजे काहीही जोर न लावता रिकामी होत असेल आणि तरीही छाती हलत नसेल, तर हवा मध्येच बाहेर निघून जात आहे. हा एक फरक कळला की निम्मे काम झाले, कारण बंद वाट आणि गळती यांची कारणे वेगळी असतात व ती वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

याशिवाय आणखी काही प्रकार दिसतात. छातीऐवजी पोट फुगते. छातीची एकच बाजू उचलली जाते. छाती वर येते, पण खाली बसत नाही. मोठ्या सिम्युलेटरमध्ये पडद्यावर श्वसनाचा दर १४ दिसत असतो आणि प्रत्यक्षात छाती स्थिर असते, किंवा मानेजवळून अथवा पाठीखालून बारीक फुसफुस ऐकू येते. यांपैकी काय दिसले ते बॅग खाली ठेवण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे. डमी हलवली की लक्षण बदलते आणि मग आधी काय होते ते कोणालाच नीट आठवत नाही.

“समजा, छाती वर आली” असे का म्हणू नये

तपासण्यांकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थिनीने मास्क लावला, बॅग दाबली, छाती तसूभरही हलली नाही, आणि ती अगदी शांतपणे पुढचे श्वास देत राहिली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारले, “छाती वर आली का?” तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले, “मॅडम, ते तर समजून घ्यायचं असते ना.” तिची चूक नव्हती. त्या सत्रात डमीची फुप्फुसाची पिशवी फाटलेली होती, नवीन पिशवी मागवायची राहून गेली होती आणि दोन महिने आम्ही शिक्षकांनीच तिला “समजा, छाती वर आली” असे सांगून पुढे नेले होते. हलणारी छाती पाहण्याची सवय तिला लागलीच नाही, आणि न हलणाऱ्या छातीकडे दुर्लक्ष करण्याची सवय मात्र आम्ही लावली.

प्रसूतिकक्षात तिच्या हाती न रडणारे बाळ आले असते तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनात श्वास परिणामकारक होत आहेत की नाही हे छातीच्या हालचालीवरून आणि वाढणाऱ्या हृदयगतीवरून ओळखतात. छाती हलली नाही तर काय करायचे याचा ठरलेला क्रम अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या नवजात पुनरुज्जीवन प्रशिक्षणात ‘एमआर सोपा’ (MR SOPA) या इंग्रजी अक्षरांनी शिकवला जातो: मास्क पुन्हा नीट बसवा, डोक्याची स्थिती सुधारा, तोंड व नाक साफ करा, तोंड उघडा, दाब वाढवा आणि तरीही जमले नाही तर श्वासमार्गाचा दुसरा उपाय वापरा. शेवटची चार अक्षरे मराठीत ‘सोपा’ होत असल्यामुळे मुलींच्या हा क्रम चटकन लक्षात राहतो. डमीच्या पहिल्या दोन तपासण्या, डोके आणि मास्क, या यादीतल्याच आहेत. म्हणून त्या शिक्षकाने गुपचूप उरकून टाकू नयेत. ज्या मुलीच्या हातात बॅग आहे तिच्याकडूनच करून घ्याव्यात.

डोके आणि मास्क

पहिली तपासणी डोक्याची. बऱ्याचशा सीपीआर डमींमध्ये मान सरळ असताना हवेची नळी मुडपलेली राहते, आणि हे मुद्दामच तसे केलेले असते. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, तेच डमीत नळी मुडपून दाखवलेले असते. डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की वाट मोकळी होते. बॅग कडक लागत असेल तर दहापैकी सात-आठ वेळा कारण इथेच सापडते, असे मी अनुभवावरून म्हणेन. डमीच्या डोक्याखाली कोणी उशी किंवा घडी केलेली चादर ठेवली आहे का, तेही पाहावे. हॉस्टेलच्या जुन्या गादीवर ठेवलेल्या डमीचे खांदे रुततात आणि डोके आपोआप पुढे झुकते. डमी सपाट टेबलावर घ्यावी आणि पुन्हा एक श्वास द्यावा.

बाळाच्या डमीत नेमकी उलटी चूक होते. प्रौढाची सवय झालेली मुलगी बाळाचे डोके फार मागे झुकवते आणि त्यानेही वाट बंद होते. बाळाचे डोके किंचितच मागे, वास घेतल्यासारख्या स्थितीत हवे. खांद्याखाली कापडाची पातळ घडी ठेवली की ते तसे राहते.

दुसरी तपासणी मास्कची. बॅग पोकळ लागत असेल तर सुरुवात इथूनच करावी. मास्क नाकाच्या उंचवट्यापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसला पाहिजे. डोळ्यांवर चढता कामा नये आणि हनुवटीखाली लोंबता कामा नये. अंगठा व तर्जनीने मास्क धरून उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा असतो, पण मुली मास्क खाली दाबत राहतात. दाबल्याने डोके पुढे येते, वाटही बंद होते आणि कडेने हवाही जाते. दुसऱ्या मुलीला दोन्ही हातांनी मास्क धरायला सांगावे आणि पहिलीने फक्त बॅग दाबावी. असे केल्यावर छाती वर आली तर डमी निर्दोष आहे, सराव हवा आहे.

मास्कच्या कडेची हवेची गादी मऊ पडली आहे का तेही बोटाने दाबून पाहावे. ज्या मास्कला बारीक झडप असते त्यात सिरिंजने थोडी हवा भरता येते. डमीचा चेहरा ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा, कारण त्यावरच्या धुळीमुळे आणि पावडरीमुळे मास्क सरकतो. काही डमींचा चेहरा वेगळा निघतो. तो कानांजवळच्या खुंट्यांवर पुरता बसलेला नसेल तर हवा चेहऱ्यामागूनच निघून जाते.

बॅग स्वतः ठीक आहे का

डमी उघडण्यापूर्वी बॅग तपासावी, कारण ती दर आठवड्याला धुतली जाते आणि परत जोडताना झडप उलटी बसणे किंवा चोचीसारखी रबरी झडप बेसिनजवळच राहून जाणे हे नेहमीचे आहे. मास्क काढावा, बॅगेचे तोंड तळहाताने घट्ट बंद करावे आणि बॅग दाबावी. ती सहज दबली तर गळती बॅगेतच आहे. लहान मुलांच्या व बाळांच्या बॅगेला दाब मर्यादित ठेवणारी झडप असते. साधारण ४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब झाला की ती हवा सोडून देते. ती सुटलेली हवा म्हणजे बिघाड नव्हे.

माझी आवडती चाचणी रबरी हातमोज्याची आहे. बॅगेच्या तोंडाला हातमोजा दोऱ्याने किंवा रबरबँडने बांधावा आणि बॅग दाबावी. बोटे एकेक करून उभी राहिली तर बॅग हवा देत आहे. सोडल्यावर हातमोजा मोकळा झाला नाही, फुगलेलाच राहिला, तर श्वास बाहेर सोडणारी झडप चिकटली आहे. छाती वर येऊन खाली न बसण्याचे कारण बहुधा हेच असते, आणि झडप काढून धुऊन पूर्ण वाळवली की ते दूर होते. या चाचणीला अर्धे मिनिट लागते, आणि दोष बॅगेचा की डमीचा हा वाद तिथेच मिटतो.

बॅगेचा आकारही पाहावा. प्रौढाला एका श्वासात साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर हवा, एका सेकंदात, छाती दिसेल इतकी वर येईपर्यंत द्यायची असते. प्रौढांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, म्हणून ती पूर्ण पिळण्याची गरज नसते. ती जोरात आणि भरभर पिळली की हवा पोटाकडे वळते, आणि ज्या डमीत जठराची सोय आहे तिचे पोट फुगते. पोट फुगणे हा डमीचा बिघाड नाही. डमी आपली चूक दाखवत असते.

मोठ्या सिम्युलेटरमध्ये मागच्या वर्गाने काय सोडले आहे

संगणकावर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये जीभ सुजणे, स्वरयंत्र आवळणे, घसा बंद होणे, फुप्फुसे कडक होणे, एका बाजूचे फुप्फुस बंद पडणे या स्थिती पडद्यावरून निवडता येतात. आदल्या वर्गाने त्यांपैकी एखादी निवडली आणि सत्र नीट न संपवता टॅब्लेट बंद केला, की दुसऱ्या दिवशी छाती उचलत नाही. छातीची एकच बाजू वर येत असेल तर हे सर्वांत आधी पाहावे. चालू प्रसंग, म्हणजे निवडलेली रुग्णस्थिती, पूर्ण बंद करावा, निरोगी प्रौढाचा मूळ प्रसंग पुन्हा सुरू करावा, आणि तरीही फरक पडला नाही तर सिम्युलेटर सूचनापुस्तिकेतील पद्धतीने बंद करून पुन्हा चालू करावा. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर ती फार आत, उजव्या बाजूला गेली आहे का तेही पाहावे. माणसात घडते तेच इथेही घडते.

छाती उघडणे: फुप्फुसाची पिशवी

इथपर्यंत काही सापडले नाही तरच डमी उघडावी. साध्या डमीची छातीची कातडी खांद्याजवळच्या खुंट्यांवरून सैल करून वर उचलता येते. खाली पत्र्यासारखी प्लॅस्टिकची पाटी, तिच्याखाली स्प्रिंग आणि वर पसरलेली पारदर्शक पिशवी दिसते. हात लावण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. परत बसवताना कोणती कडा कुठे होती हे फोटोशिवाय कधीच आठवत नाही.

पिशवी मुडपलेली, एका कोपऱ्यात गोळा झालेली किंवा स्प्रिंगखाली चिमटलेली असते. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणाऱ्या चाळीस मुलींचा वर्ग झाला की ती जागेवरून सरकतेच. एकदा मी उघडलेल्या डमीत पिशवीचा गळा आपल्याभोवतीच दोन वेढे फिरून दोरीसारखा पिळला गेला होता. बाहेरून डोके कितीही झुकवले असते तरी त्यातून हवा जाणे शक्य नव्हते. कोणीतरी डमीचे डोके पूर्ण गोल फिरवून तिला ने-आण करण्याच्या बॅगेत भरले होते.

पिशवीला भोक आहे का हे सायकलच्या पंक्चरप्रमाणे पाहावे: तोंडाने किंचित हवा भरून बादलीतील पाण्यात बुडवावी आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहावे. चिकटपट्टीने त्या दिवसाचा वर्ग निभावतो, पण मे महिन्यात पट्टीचा गोंद दुपारपर्यंत पातळ होतो. किराण्याच्या दुकानातील पॉलिथिनची पिशवी लावलेलीही मी पाहिली आहे. ती फुगते खरी, पण थोड्याशा हवेतच छाती उंच येते आणि मुलींच्या हाताला चुकीचे माप बसते. परीक्षेसाठी ती वापरू नये. कंपनीच्या पिशव्यांचे एक पाकीट कायम शिल्लक ठेवावे आणि शेवटचे पाकीट फोडले त्याच दिवशी नवीन मागवावे. आमच्याकडे ते नागपूरहून एस.टी. पार्सलने येते. ज्या डमीवर तोंडाने श्वास देण्याचा सराव होतो तिची पिशवी तर वर्ग संपल्यावर बदललीच पाहिजे. ओली पिशवी आत ठेवून झाकण लावले तर आठवड्याभरात बुरशीचा वास येतो.

नळ्या, उंदीर आणि आमचा उन्हाळा

पिशवी शाबूत असेल तर चेहऱ्यापासून छातीपर्यंतची नळी बोटांनी चाचपत जावे. सांधा निसटला असेल तर तो हातानेच बसतो. आमच्या भागात दोन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे उंदीर. दिवाळीच्या सुटीनंतर एका डमीच्या मानेत कुरतडलेल्या नळीचे तुकडे आणि शेजारच्या गादीतला कापूस मला सापडला होता. तेव्हापासून सुटीत डमी झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवली जाते. दुसरी गोष्ट उष्णता. पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा टिनाच्या छताखालच्या खोलीत मऊ नळी स्वतःच्या वजनाने वाकते आणि वाकलेलीच राहते. कूलरसमोर ठेवलेल्या डमीचे दुखणे वेगळे असते. कूलरची ओली हवा सांध्यांत व विजेच्या जोडण्यांत ओल धरते. खोलीत कूलर लावावा, डमी मात्र त्याच्या झोतापासून दूर असावी.

सांधा घट्ट बसावा म्हणून खोबरेल तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नये. डमीबरोबर आलेलेच वंगण वापरावे. ही मऊ प्लॅस्टिकची कातडी तेल, शाई आणि आयोडीन शोषून घेते व डाग पुन्हा निघत नाहीत. १९६० साली सीपीआरची पहिली प्रसिद्ध डमी बनवणारे नॉर्वेचे आस्मुंड लेर्डाल मुळात मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवणारे खेळणी उत्पादक होते, हे कळले तेव्हा या कातडीचा स्वभाव मला नीट समजला. डमी वर्तमानपत्रात गुंडाळू नये, तिच्यावर पेनने खुणा करू नयेत आणि ती सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी.

कम्प्रेसर

हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिम्युलेटरमध्ये शेवटी कम्प्रेसर उरतो. बटण चालू आहे का, सूचनापुस्तिकेत दिलेला दाब काट्यावर दिसतो का, हवेची नळी दोन्ही टोकांना खटकन बसली आहे का, इतके पाहावे. पावसाळ्यात टाकीत पाणी साचते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाब सोडून ते काढून टाकावे. बाहेरच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला की गळती दिसते. लाइन गेली आणि लगेच परत आली, की कमी-जास्त व्होल्टेजमुळे कम्प्रेसर अडखळतो. म्हणून यूपीएस आणि चांगले अर्थिंग हवेच. हवेच्या जागी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नये. आत विजेचे भाग असतात आणि ऑक्सिजनने आग भडकते.

इथे थांबावे

स्क्रूवर कंपनीचे सील असेल तर ते तोडू नये, वॉरंटी जाते. जळका वास, गरम झालेली किंवा फुगलेली बॅटरी, डमीला हात लावल्यावर झिणझिण्या, आत गेलेले पाणी, सतत चालू राहणारा आणि दाब न धरणारा कम्प्रेसर, किंवा मूळ प्रसंग सुरू करूनही छातीची एकच बाजू हलणे, यांपैकी काहीही दिसले तर वीज बंद करावी, प्लग काढावा आणि कंपनीच्या तंत्रज्ञालाच बोलवावे. गावातला मोबाइल दुरुस्त करणारा भाऊ कितीही हुशार असला तरी या वस्तूचा आराखडा त्याच्याजवळ नसतो. साध्या डमीतही स्प्रिंग किंवा पाटी तुटलेली असेल तर ती चिकटवू नये, कारण चिकटवलेल्या पाटीवर दाबाची खोली चुकीची शिकवली जाते आणि ती चूक बाहेरून दिसत नाही.

फोन करण्यापूर्वी मॉडेल व अनुक्रमांक, सुरुवातीला वहीत लिहिलेले लक्षण, केलेल्या तपासण्या आणि बॅग दाबतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तयार ठेवावा. बॅग कडक लागते की पोकळ, हे आधी सांगावे. त्यावरून तंत्रज्ञ योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येतो आणि त्याची दुसरी फेरी वाचते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ पासूनच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशनचे तास धरलेले असल्यामुळे डमी बंद असली तरी तास रिकामा सोडता येत नाही. त्या काळात मी डमीच्या गळ्यात “श्वासासाठी बंद” अशी पाटी अडकवते, तिच्यावर फक्त छातीवरचे दाब शिकवते आणि बॅग दाबण्याचा सराव हातमोज्यावर घेते. हातमोजा फुगताना मुलींना दिसतो. काही समजून घ्यावे लागत नाही. दुरुस्ती झाल्यावर मी स्वतः सलग १० श्वास देऊन पाहते, दहाही वेळा छाती वर येऊन खाली बसली की रजिस्टरमध्ये तारीख व सही करते आणि मगच पाटी काढते.